क्लोरीनघरातली शिकवणी

कोंढ्यावरून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अठरा गावांना पाणी पुरवणारं केंद्र आहे. नदीचं पाणी तिथं चढवायचं, तुरटीनं निवळायचं, वाळूतून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन मिसळून गावोगावच्या टाक्यांकडे सोडायचं, असं तिथलं रात्रंदिवसाचं काम. हिरालाल गजभिये तिथं एकोणीस वर्षं ऑपरेटर होता. कमी बोलणारा माणूस. इतका कमी, की नव्यानं लागलेल्या पोरांना तो कायम चिडलेलाच वाटायचा.

एप्रिल संपता संपता वरून पत्र आलं. क्लोरीन वापरणाऱ्या प्रत्येक केंद्रावरच्या माणसांना गळती झाल्यावर काय करायचं ते शिकवलंच पाहिजे, असं त्यात होतं. पत्रापाठोपाठ चार दिवसांत साकोलीहून एक जीप आली. जीपमधून पत्र्याच्या दोन मोठ्या पेट्या उतरल्या, पाठीवर बांधायची हवेची चार सिलिंडरं उतरली, आणि त्यांच्या मागून पँट-शर्ट घातलेली, केसांचा घट्ट अंबाडा बांधलेली एक बाई उतरली.

केंद्राचा सुपरवायझर हेमराज फाटकापर्यंत गेला. जीपमध्ये आणखी कोणी आहे का ते त्यानं वाकून पाहिलं.

"मॅडम, शिकवणारे साहेब केव्हा येतीन?"

"आले," ती म्हणाली. "तीच मी. कामिनी कापगते. पेट्या सावलीत ठेवा आधी, सूट तापले का खराब होतात."

साकोलीची पोरगी, नागपूरकडच्या एका कारखान्यात आगीच्या पथकात नऊ वर्षं काढलेली. आता गावोगाव फिरून माणसांना रासायनिक सूट घालून काम करायला शिकवायची. पहिल्या दिवशी तिनं सहाही जणांना पोत्यांच्या काट्यावर उभं करून एकेकाचं वजन वहीत लिहिलं, तेव्हा सगळ्यात तरुण मंगेश हसत म्हणाला, "आमाले विकता का काय, मॅडम?"

"अर्ध्या घंट्यानं परत उभा राहा, मग हास," कामिनी म्हणाली.

अर्ध्या तासानं, सूट घालून आणि काढून आल्यावर, मंगेशचं वजन सव्वा किलोनं कमी भरलं. सगळा घाम सुटात साचून त्याच्या बुटांत उतरला होता. तो पायरीवर बसून मीठ-साखरेचं पाणी तांब्यामागून तांब्या पीत राहिला आणि पुढचा तासभर त्याला एकही विनोद सुचला नाही.

सूट होता पिवळा, जाड, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध. हवेचं सिलिंडर पाठीवर बांधून, तोंडावर मुखवटा चढवून माणूस त्याच्या आत शिरायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं चेन ओढून त्याला बंद करायचं. बाहेरची हवा आत नाही, आतली बाहेर नाही. समोर ताटाएवढी काच. हातांत एकावर एक तीन मोजे. त्या मोज्यांनी कामिनी त्यांना बोल्टावर नट चढवायला लावायची, जमिनीवर सांडलेले वायसर एकेक करून उचलायला लावायची, दोरीची गाठ सोडायला लावायची. वीस वर्षं पान्याशी खेळलेली माणसं, पण नट हातातून सुटून पळायला लागला की बालवाडीतल्या पोरांसारखी रडकुंडीला यायची.

"घाई नोका करू," ती सांगायची. "ह्या सिलिंडरात वीस-पंचवीस मिनिटांची हवा आहे. घाबरलेला माणूस तेवढीच हवा बारा मिनिटांत पिऊन टाकते. अर्धं काम श्वासाचं आहे, अर्धं हाताचं."

हे सगळं सकाळी सहा ते नऊ. नवानंतर पवनी तालुक्यातल्या त्या उन्हात सुटात माणूस घालणं म्हणजे त्याला उकडायला ठेवणं होतं.

हिरालालची पाळी पहिल्या दिवशी शेवटी आली. चेन बंद झाली आणि त्याच्या कानांवरून जग निघून गेलं. पंपांची घरघर गेली, कडुलिंबावरच्या पाखरांचा कालवा गेला. उरला तो स्वतःचा श्वास, आत खेचताना सुस्कारल्यासारखा, सोडताना फडफडल्यासारखा. समोर कामिनी मॅडम उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती, पुन्हा सांगत होती, आणि तिच्या मागं मंगेश हसत होता. हिरालालला कळेना की तो कशाला हसतो आहे. आपल्यालाच हसत असेल का? त्यानं मॅडमच्या तोंडावरची नजर काढून तिच्या हातांकडे वळवली. हात काही बोलत नव्हते.

आणि त्याला एकदम आपली मुलगी आठवली.

रत्नमाला अकरा वर्षांची होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी मूकबधिर मुलांच्या शाळेत ती राहायची आणि सुट्यांत घरी यायची; आताही उन्हाळ्याच्या सुटीत ती घरीच होती. तिचं नाव आजीनं मोठ्या हौसेनं ठेवलेलं, पण त्या नावानं तिला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. घरात तिचं नाव म्हणजे गळ्याभोवती फिरवलेलं एक बोट, माळ घातल्यासारखं. तशा शेकडो खुणा हिरालाल, त्याची बायको वच्छला आणि रत्ना यांनी मिळून घरात तयार केल्या होत्या. काही रत्नानं शाळेतून आणल्या होत्या. घराच्या आत हिरालाल मुलीशी भरभरून बोलायचा. ऑपरेशन झालेल्या म्हशीची गोष्ट, हेमराजच्या रागाची नक्कल, सगळं हातांनी.

घराबाहेर मात्र नाही. तीन वर्षांपूर्वी नाकाडोंगरीला एका लग्नात मांडवाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला तो रत्नाला 'जेवून घे' म्हणून खुणावत होता. पंगतीतल्या एकानं उठून त्याची माकडासारखी नक्कल केली. मांडव हसला. रत्नानंही पाहिलं. तेव्हापासून बाजारात, बसमध्ये तिनं काही विचारलं की हिरालाल दुसरीकडे पाहायचा, नाहीतर नुसती मान हलवायचा. मुलीनं काही दिवस बाही ओढून पाहिली, मग बाहेर पडल्यावर विचारणंच सोडून दिलं.

सुटातून बाहेर आल्यावर मॅडमनं त्याला विचारलं, "काही त्रास? चक्कर?"

"नाई," तो म्हणाला. तेवढंच. पण घरी जाताना सायकल हातात धरून तो चालतच गेला. पोरीला सकाळपासून रात्रीपर्यंत लोक असेच दिसत असतील. तोंडं हलताहेत, हसताहेत, आणि बापही मान फिरवतो आहे.

दुसऱ्या दिवशी जोडीचं काम होतं. सुटात एकट्यानं कधी जायचं नाही, नेहमी दोघांनी, हा पहिला नियम. कामिनीनं अंगणात एक रिकामा टनर, म्हणजे ज्यात क्लोरीन येतं ते माणसाच्या लांबीचं लोखंडी पिंप, आडवं ठेवलं होतं. त्याच्या व्हॉल्व्हवर टोपी बसवायची, टोपीवर साखळी घ्यायची आणि स्क्रू आवळायचा. तिनं पुस्तकातल्या पाच खुणा शिकवल्या होत्या. अंगठा वर म्हणजे ठीक. गळ्यावर हात म्हणजे हवा नाही. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे मदत करा. मनगट धरलं म्हणजे चल बाहेर. दोन्ही हात आडवे हलवले म्हणजे नाही.

हेमराज आणि आणखी एक जण आधी गेले. थोड्याच वेळात त्या पाच खुणा संपल्या. 'डाव्या बाजूची साखळी थोडी ढिली कर' हे पाच खुणांत कुठून सांगणार? हेमराज आत ओरडायला लागला. काचेवर वाफ धरली. साथीदारानं साखळी उलटी ओढली, टोपी निसटून हेमराजच्या बुटावर आदळली. दोघंही बाहेर आले ते एकमेकांना शिव्या देतच.

मग हिरालाल आणि मंगेश.

मंगेश चुकीच्या बाजूनं साखळी घालायला लागला, तसा हिरालालनं त्याच्या खांद्याला हात लावला. मंगेशनं पाहिलं. आणि हिरालालचे हात आपोआप बोलायला लागले, घरी बोलायचे तसे. ही नाही, ती. खालून. थोडंसं. अजून थोडंसं. बस, धर. मी फिरवतो. मंगेशला त्यातलं अर्धंच कळलं, पण तेवढ्यावरही टोपी बसली, साखळी बसली, स्क्रू आवळला गेला. सोळा मिनिटं लागली. त्या आठवड्यात दुसरी कोणतीच जोडी वीसच्या आत आली नाही.

चेन उघडताच मंगेशचं तोंड सुरू झालं. "काकाजी, आत नाच कायले करून राहिले होते तुमी? मले वाटलं अंगात आलं का काय!" आणि त्यानं हात वेडेवाकडे हलवून दाखवले. सगळे खो खो हसले.

हिरालालचा चेहरा उतरला. त्यानं बूट काढले, डबा उचलला आणि हेमराजला सांगितलं, "उद्यापासून मी येत नाई शिकवणीले. माही ड्युटी लाव पंपावर."

कामिनीनं त्याला फाटकाशी गाठलं. तिनं समजूत घातली नाही. फक्त विचारलं, "हिरालालभाऊ, त्या खुणा तुम्ही कुठं शिकले?"

"कुठं नाई."

"मी एवढी वर्षं हे काम करून राहिली. सुटात एवढं साफ बोलणारा माणूस मी पाहिला नाही. ज्यानं शिकवलं त्याला मला भेटायचं आहे."

हिरालाल सायकलच्या हँडलकडे बघत म्हणाला, "माही पोरगी आहे. तिले ऐकू येत नाई."

"घरी येऊ का संध्याकाळी?"

आता घरी येतो म्हणणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? "या," तो म्हणाला.

संध्याकाळी कामिनी आली तेव्हा वच्छलानं घरामागच्या सांदवाडीत खाट टाकून ठेवली होती. रत्नाला सांगितलं होतं की बाबाच्या शिक्षिका येणार आहेत. बाबालाही शिक्षिका असते ह्याचं तिला फार हसू येत होतं. कामिनीनं तिच्यासमोर मांडी घातली आणि बोटानं स्वतःकडे दाखवून, भुवया उंचावून विचारलं, माझं नाव काय ठेवशील? रत्नानं तिला नीट न्याहाळलं, मग डोक्याच्या मागं मूठ फिरवून घट्ट अंबाडा बांधल्याची खूण केली. तेच नाव पडलं.

मग वच्छला स्वयंपाक करत राहिली आणि त्या दोघी बोलत राहिल्या. कामिनीनं खिशातून नट, बोल्ट, वायसर काढून खाटेवर मांडले. आवळ कसं सांगायचं? हळूच आवळ? उलटा फिरव? दुसरा दे? रत्ना एकेक दाखवत होती. कामिनी चुकली की तिचं मनगट धरून बोटं नीट वळवून देत होती. हिरालाल उंबऱ्यावर बसून पाहत होता. आपली पोरगी कोणाला काही शिकवते आहे असं त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तिला लोक शिकवायचे, समजावायचे, नाहीतर सोडून द्यायचे. आज ती मोठ्या बाईला 'चूक, पुन्हा कर' म्हणत होती आणि मोठी बाई पुन्हा करत होती.

लाखोळीची डाळ, भात आणि जवसाची चटणी असं जेवण झाल्यावर कामिनीनं विषय काढला. "उद्या हिला घेऊन या केंद्रावर. क्लोरीनघरापासून लांब, फाटकाजवळच्या झाडाखाली बसू. सगळ्यांना हीच शिकवील."

"नाई," हिरालाल ताडकन म्हणाला. "पोरीचा तमाशा नाई करायचा मले. आज माहा झाला तेवढा पुरे."

वच्छला चुलीपासून उठून आली, पदराला हात पुसत.

"अजी, एक विचारू? तिले विचारलं तुमी?"

"तिले काय समजते?"

"तिले काय नाई समजत!" वच्छलाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्या लग्नात हसले थे तुमाले हसले. तिले वाटलं, बाबाले माही लाज वाटते. मले सांगितलं होतं तिनं. मी तुमाले सांगितलं नाई, तुमाले लागंल म्हणून."

रत्ना तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. काहीतरी आपल्याबद्दल चाललं आहे एवढं तिला कळत होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. गळ्याभोवती बोट फिरवून त्यानं तिला नावानं हाक मारली. मग हातांनी सांगितलं, उद्या माझ्या कामावर येशील? मोठ्या माणसांना शिकवायला? काही हसतील.

रत्नानं विचार केला. मग विचारलं, हसले तर त्यांना छडी मारता येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला हिरालाल सायकलच्या मागच्या सीटवर मुलीला घेऊन निघाला. वाटेत बांधीवर, धानाच्या शेतात, कुणी कुणी कामाला लागलेलं होतं. चौकात चहाच्या टपरीवर चार माणसं बसली होती. तिथं रत्नानं त्याच्या पाठीवर टकटक केली. त्यानं सायकल थांबवली. ते काय आहे, तिनं दुकानातल्या नव्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं. चार माणसं बघत होती. हिरालालनं सायकल स्टँडवर लावली, दोन्ही हात मोकळे केले आणि उसाचा रस काढायचं यंत्र कसं चालतं ते तिला सगळं सांगितलं. ऊस इकडून घालतात, चाकं फिरतात, रस खाली, चोथा तिकडून. सावकाश सांगितलं. मग पुन्हा सायकलवर बसला. त्याची कानशिलं तापली होती, पण पाठीला टेकलेलं डोकं त्याला जाणवत होतं.

केंद्रावर कामिनीनं सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, "ह्या रत्नमाला मॅडम. सुटात गेल्यावर तुम्ही बहिरे होता. ह्यांना त्याचा अकरा वर्षांचा अनुभव आहे. आज शिकवणी ह्यांची."

कोणी हसलं नाही. मंगेशनं मान खाली घातली होती.

रत्ना आधी बापामागं उभी राहिली. मग कामिनीनं मंगेशला सूट घालायला सांगितला आणि तो पिवळा, फुगलेला, डुलत डुलत समोर आला तेव्हा तिला हसूच आवरेना. भीती तिथंच संपली. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, त्याचा तीन मोज्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्या मोज्यात कोणती खूण दिसते, कोणती दिसत नाही ते तपासायला लागली. बोटांच्या बारीक खुणा तिनं काढून टाकल्या, त्यांच्या जागी मनगटाच्या, कोपराच्या मोठ्या खुणा बसवल्या. हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला दिसलं ते तिनं केलं. कामिनी वहीत चित्रं काढत बसली. नऊ वाजेपर्यंत सव्वीस खुणा झाल्या.

सगळ्यात ठोंब्या निघाला मंगेश. 'थोडं' आणि 'थांब' ह्यांत तो दर वेळी गल्लत करायचा. सहाव्यांदा चुकला तेव्हा रत्नानं त्याच्या मोज्यावर खरोखर चापट मारली. तो काचेआडून हात जोडून माफी मागायला लागला. अख्खं झाड हसलं, रत्ना तर जमिनीवर बसून हसली.

जायच्या वेळी मंगेश हिरालालच्या सायकलजवळ घुटमळत उभा राहिला. "काकाजी, काल मी चुकलो. मले मालूम नोहतं."

"आता मालूम झालं नं," हिरालाल म्हणाला. "बस मग."

कामिनी पुढच्या केंद्रावर निघून गेली. ऑगस्टात कोंढ्याच्या केंद्राला स्वतःचे दोन सूट आले आणि दर शनिवारी सकाळी हिरालाल सगळ्यांना त्या खुणा करायला लावू लागला. हेमराज म्हणायचा, एवढा बोलणारा माणूस एकोणीस वर्षं कुठं लपून बसला होता कोण जाणे.

भाऊबीज होऊन गावोगाव मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरायला लागल्या होत्या. धान कापणीला आलं होतं. अशाच एका सकाळी आठच्या सुमारास हिरालाल कामावर पोचला तर मंगेश फाटकाकडे पळत येत होता.

"काकाजी, वास! नवा टनर काल लावला थो!"

हिरालालनं कपाटातून अमोनियाची बाटली काढली आणि वारा येत होता त्या बाजूला उभं राहून, लांब काठीला बांधलेली चिंधी तिच्यात भिजवून क्लोरीनघराच्या दारातून आत धरली. चिंधीभोवती पांढरा धूर उठला. गळती खरी होती. आत जमिनीलगत पिवळट हिरवी झाक दिसत होती.

हेमराजनं पवनीला अग्निशमनवाल्यांना फोन लावला. गाडी यायला पाऊण तास. वारा नदीकडून शेतांकडे वाहत होता आणि केंद्रामागच्या बांध्यांमध्ये पंधरा-वीस बाया धान कापत होत्या. हेमराज मोटारसायकल घेऊन त्यांना वाऱ्याच्या वाटेतून बाजूला हलवायला धावला. इकडे हिरालाल आणि मंगेश सूट चढवू लागले. तिसऱ्या माणसानं दोघांच्या चेनी ओढल्या, घड्याळ पाहिलं आणि भिंतीवरच्या फळ्यावर वेळ लिहिली.

आत वस्तू त्याच होत्या, अंगणातल्यासारख्याच. टनर, व्हॉल्व्ह, टोपी, साखळी. व्हॉल्व्हच्या मानेतून वायू सुटत होता. हिरालालनं बोटानं दाखवलं, दोन व्हॉल्व्हांपैकी वरचा. मंगेशनं अंगठा केला. टोपी दोघांनी मिळून उचलली. खालून. थोडं. अजून थोडं. थांब. मंगेशनं ह्या वेळी थोडं आणि थांब बरोबर ओळखलं. टोपी बसली.

साखळी घेताना मंगेश थबकला. त्याच्या काचेवर वाफ धरली होती आणि कपाळावरचा घाम मुखवट्यातून डोळ्यांत उतरत होता. त्याला काही दिसेना. अंगणात तो किती वेळा तरी ह्यातून गेला होता, पण इथं सुटाबाहेर विष होतं. त्याची छाती भराभर वर-खाली व्हायला लागली. सुटावरूनही ते दिसत होतं. मग त्याचे हात गळ्याशी गेले आणि चेनच्या टोकाशी चाचपडायला लागले.

हिरालालनं साखळी सोडली आणि त्याची दोन्ही मनगटं धरली.

रत्ना दोन-तीन वर्षांची असताना रात्री दचकून उठायची आणि रडून रडून तिचा श्वास अडकायचा. उगी उगी म्हणून काय उपयोग, तिला ऐकूच येत नसे. अंधारात हात दिसत नसत. तेव्हा हिरालाल तिचा तळवा आपल्या पोटावर ठेवायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, तिचं पोट त्याच्या पोटासारखं हलेपर्यंत. सव्वीस खुणांमध्ये ही खूण नव्हती. त्यानं मंगेशचा जाडजूड मोजा उचलून आपल्या पोटावर दाबून धरला आणि श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. हवा जात होती, ते त्याला माहीत होतं. पण तरी त्यानं घाई केली नाही.

हळूहळू मंगेशची छाती त्याच्या तालावर आली.

मग हिरालालनं त्याच्या बाहीवर टिचक्या मारल्या: हात आत घे, काच पूस. मंगेशनं बाहीतून हात आत ओढला, मॅडमनं शिकवलं होतं तसा, आणि आतून सुटाची काच पुसली. त्याचे डोळे दिसायला लागले, लाल, पाण्यानं भरलेले. त्यानं अंगठा वर केला. दोघांनी साखळी घेतली. हिरालालनं स्क्रू फिरवला. अजून थोडा. बस.

चिंधी पुन्हा धरली. धूर नाही.

हिरालालच्या सुटात हवा कमी झाल्याची शिटी वाजायला लागली तेव्हा ते दारातून बाहेर पडत होते. तिसऱ्या माणसानं पाण्याचा फवारा सोडून दोघांना पाच मिनिटं धुतलं आणि मगच चेनी उघडल्या. मंगेश गवतात आडवा झाला. हिरालाल त्याच्याशेजारी बसून राहिला, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, तो मागेल तेव्हा द्यायला. धान कापणाऱ्या बाया लांब बांधावर उभ्या राहून इकडे बघत होत्या. त्यांना काही झालं नव्हतं. अग्निशमनची गाडी आली, त्यांनी सगळं तपासलं आणि टनर बदलायला सांगितलं. हेमराजनं कामिनी मॅडमला फोन लावून हिरालालच्या हातात दिला. "कसे आहात?" तिनं विचारलं. "ठीक," तो म्हणाला आणि फोन मंगेशच्या हातात दिला.

संध्याकाळी मंगेश आईला घेऊन हिरालालच्या घरी आला. आनंदाबाईंच्या हातात अनारशांचा डबा होता. त्या दारातच उभ्या राहिल्या. वच्छलानं "या वो, बसा" म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांची नजर रत्नाला शोधत होती. दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली रत्ना आतून आली. आनंदाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागल्या, मोठमोठ्यानं, जणू मोठ्यानं बोललं की पोचेल.

"बाई, तुह्या बापानं आज माह्या पोराले हात धरून बाहेर आणलं. तुनं शिकवलं म्हणून आणलं. तू नसती तं..." पुढं त्यांना रडू आलं.

रत्नानं वडिलांकडे पाहिलं. हिरालाल सांगायला उठणार, तोच मंगेश म्हणाला, "काकाजी, थांबा. मी सांगतो."

तो तिच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात वर घेतले आणि फार काळजीपूर्वक, एकेक खूण शोधत सांगायला लागला. आई. बाबा. आज. हात धरून. बाहेर. आणि स्वतःला दाखवायला त्यानं जी खूण केली, ती निराळीच निघाली. रत्नाचे डोळे मोठे झाले. तिनं वळून बापाला विचारलं, बाबा, तुम्ही आज बैलाला हात धरून बाहेर आणलं?

"काय म्हणून राहिली थे?" मंगेशनं उत्सुकतेनं विचारलं.

"बरोबर समजलं तिले," हिरालाल म्हणाला आणि त्यानं रत्नाकडे बघून मान हलवली. हो, बैलालाच. तरणाबांड होता, लय घाबरला होता. रत्नानं मंगेशकडे पाहिलं, मग आनंदाबाईंचे डोळे पुसले आणि डबा उघडून पहिला अनारसा त्यांच्याच हातात दिला.